गोंगाटाआधीची शांतता

सिनेमाचा ट्रेलर म्हणजे नुसता कानठळ्या बसवणारा गोंगाट, असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. गोंगाट आहेच, पण खरं काम करते ती त्याच्या आधीची शांतता. नायक उडी घेतो, पडदा काळा, क्षणभर सगळे आवाज बंद आणि मग पोटात घुमणारा तो खोल, दणदणीत सूर, 'ब्रॅम'! पुण्यात लक्ष्मी रोडला गणपतीच्या मिरवणुकीत ढोल थांबतात, नुसता ताशा तडतडत राहतो आणि मग सगळे ढोल एकदम पडतात, तेव्हा काटा येतो ना, तसंच. (हा ब्रॅम २०१० च्या 'इन्सेप्शन'नंतर इतका बोकाळला की आता वीट आलाय.)

ट्रेलर कापतात तेव्हा बऱ्याचदा सिनेमाचं पार्श्वसंगीत तयारच नसतं. मग बाहेरचं संगीत येतं. २०१७ च्या 'थॉर: रॅग्नारॉक'च्या टीझरला लेड झेपलिन या रॉक बँडचं १९७० चं 'इमिग्रंट साँग' लावलं होतं. निम्मी हवा त्या गाण्यानंच केली.

दृश्यांत मात्र सरळ चकवतात. 'अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर'च्या ट्रेलरमध्ये वाकांडाच्या रणात धावणारा हल्क सिनेमात तिथे नाहीच! 'स्पायडर-मॅन: नो वे होम'च्या ट्रेलरमधून तर सिनेमातल्या तीनपैकी दोन स्पायडरमॅन पुसून टाकले होते. मला यात फसवणूक वाटत नाही, उलट रहस्य टिकलं.

आणि मोबाईलवर बघून मत बनवू नका हो, खालचे सूर त्या स्पीकरमधून येतच नाहीत. कोथरूडच्या सिटीप्राईड थिएटरला पॉपकॉर्नची रांग सोडून ट्रेलर सुरू व्हायच्या आत जाऊन बसा.