ज्वारीवरचा मावा मारला, पंधरा दिवसांत दुप्पट आला. असं का?

ज्वारीवाली, मंगळवेढा
पोरगं नववीत आहे. वहीत अन्नसाखळी काढलीय: ज्वारी उत्पादक, मावा (पानांचा रस पिणारी बारीक कीड) प्राथमिक भक्षक, त्याला खाणारा ढालकिडा (लेडीबर्ड) द्वितीयक. मला विचारतो, "आई, आपल्या रानात ढालकिडे का दिसत नाहीत?"

झालं असं. मार्गशीर्षात आभाळ आलं आणि मालदांडी ज्वारीच्या पोंग्यात मावा बसला. पानं चिकटली. दुकानातून आणलेलं औषध मारलं, तीन दिवस रान साफ. त्याआधी पानांवर सुसरीच्या पिलासारखे काळे, नारिंगी ठिपक्यांचे किडेही फिरत होते. म्हटलं, ही आणखी एक कीड, म्हणून डोस थोडा वाढवलाच होता. पंधरा दिवसांत मावा पहिल्यापेक्षा जास्त. औषध बनावट होतं का?

कीटकवेडा
ताई, औषध बनावट नसावं. ती सुसरीची पिलं म्हणजेच ढालकिड्याच्या अळ्या! एकेक अळी कोषात जाईपर्यंत शेकडो मावा खाते. पोराला हवा असलेला द्वितीयक भक्षक तुमच्याच पंपानं गेला.

माव्याच्या मादीला नर लागत नाही. ती थेट जिवंत पिलं घालते आणि आठेक दिवसांत ती पिलंच आया होतात. ढालकिड्याला अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला तीनेक आठवडे लागतात. दोघं मेले तर आधी उठतो तो मावाच.

निवृत्त मास्तर
शिवाय मुळात ढालकिडे असतातच थोडे. रेमंड लिंडमन या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९४२ साली तळ्यांच्या अभ्यासातून जे मांडलं, त्यावरून दहा टक्क्यांचा नियम शिकवतात: खालच्या पायरीवरची साधारण दहा टक्केच ऊर्जा वरच्या पायरीच्या अंगी लागते, बाकीची श्वसनात, उष्णतेत आणि न पचलेल्या भागात जाते. आकडा ढोबळ आहे, पण वरच्या पायरीवर माणसं कमी का, ते कळतं. (माणसं म्हणजे किडे. सवय जात नाही.)

बांधकरी
आमच्याकडं कपाशीच्या कडेनं चवळी लावतात. तिच्यावरचा मावा वेगळ्या जातीचा, कपाशीला त्याचा फारसा उपद्रव नाही. पण ढालकिडा त्याच्यावर पोसतो आणि मग कपाशीत उतरतो. खानावळ आधी उघडायची, मग गिऱ्हाईक येतं.

ज्वारीवाली
हात जोडले. आता पोराचा नवा प्रश्न: चिकट्यावर जी काळी बुरशी धरते, ती कोणत्या रकान्यात?

कीटकवेडा
विघटकांत टाका. मावा रस पिऊन जादा साखर बाहेर टाकतो, तोच चिकटा, आणि बुरशी त्याच्यावर वाढते. पानात घुसत नाही, पण वरून काजळी धरून उजेड अडवते. म्हणजे नुकसान पुन्हा उत्पादकाचंच.

ज्वारीवाली
विहिरीकडच्या कोपऱ्यात पंप पोचला नव्हता. तिथं आज दोन सुसरी सापडल्या. पोरानं काडीपेटीत घालून शाळेत नेल्या. झाले, दोन कमी!