१८६० च्या दशकातल्या क्विल्टची प्रतिकृती, मदतनिधीसाठी: कापड कोणतं, किती, आणि लाल रंगाचं काय करायचं?

निळीदोरी:
अमेरिकेतल्या यादवी युद्धात सॅनिटरी कमिशनकडे, म्हणजे सैनिकांना मदत पोहोचवणाऱ्या संस्थेकडे, सैनिकांसाठी क्विल्ट (कापडाचे तुकडे जोडून शिवलेल्या गोधड्या) जायचे. त्या धर्तीचा एक शिवून लिलावात ठेवायचा आहे. माप ४८ × ८४ इंच. १२ इंची ब्लॉक, आडवे ४ आणि उभे ७. नाइन-पॅच (नऊ चौकोन जोडून केलेला ब्लॉक) आणि साधा ब्लॉक आलटूनपालटून. साध्या ब्लॉकवर देणगीदारांच्या सह्या. कापड रिप्रॉडक्शनचंच, म्हणजे जुन्या नक्षीवरून नव्याने छापलेलं, घ्यायचं, आणि जमलं तर ज्याच्या विक्रीतला वाटा एखाद्या संस्थेला जातो असं.
१) ‘सिव्हिल वॉर’ अशी चिठ्ठी लावलेलं सगळं कापड खरंच त्या काळात बसतं का?
२) किती गज लागेल?
३) लाल रंग पांढऱ्यावर उतरू नये म्हणून काय करायचं?
४) ‘विक्रीतला काही भाग मदतकार्यासाठी’ याचा अर्थ नेमका काय घ्यायचा?

मंजिष्ठा:
चिठ्ठीवर जाऊ नका. त्या नावाखाली १८४० पासून १९०० पर्यंतचं काहीही विकलं जातं. रंग कशापासून बनत होता ते पाहिलं की बरंच गाळता येतं.

१८६० च्या दशकाला निःशंक चालणारे: मंजिष्ठाचे तपकिरी, विटकरी आणि केशरट तांबडे, टर्की रेड (भडक पक्का लाल), निळीच्या गडद पार्श्वभूमीवर पांढरी नक्षी, प्रशियन निळा, क्रोम पिवळा आणि क्रोम नारिंगी, गुलाबीवर गडद गुलाबी बारीक छपाई, म्हणजे डबल पिंक. हिरवा घेतलात तर निळा-पिवळा एकावर एक चढवलेल्या जातीचा घ्या. मंजिष्ठाच्या एकाच भांड्यातून तुरटीने तांबडा, लोहाने जांभळा ते काळपट आणि दोन्ही मिळून तपकिरी निघतो. म्हणून त्या काळच्या छापील कापडात हे रंग एकत्र येतात, आणि असा एकमेकांशी जुळणारा गट उचलला की क्विल्ट लगेच खरा वाटतो.

टाळायचे: काळ्या-करड्या रंगाचे ‘मोर्निंग प्रिंट’, म्हणजे शोकाच्या कपड्यांची छपाई, आणि वाइन रंगाचे लाल (हे दोन्ही १८९० च्या आसपासचे), पुदिन्यासारखा फिकट हिरवा (तो १९३० च्या दशकाचा), फीडसॅकची (धान्य-खाद्याच्या छापील पिशव्यांच्या कापडाची) मोठी रंगीत फुलं.

सगळ्यात जास्त घोळ फिकट कापडात होतो. दुकानात ‘अँटिक’ म्हणून चहाच्या रंगाची पार्श्वभूमी मिळते. तो रंग दीडशे वर्षांच्या वापराचा आहे, कापडाचा नव्हे. शिवला तेव्हा क्विल्ट पांढराशुभ्र होता. त्यामुळे आधी ठरवा: नव्या क्विल्टची प्रतिकृती करायची की जुन्या झालेल्याची? पहिली असेल तर पांढऱ्यावर बारीक ठिपके-काड्यांचं शर्टिंग (शर्टाचं छापील कापड) घ्या. दुसरी असेल तर फिकट तुकडे सगळेच पिवळसर हवेत. चार पांढरे आणि चार पिवळट मिसळले की दोन्ही बाजूंनी फसतं. कापड घरी चहात मात्र बुडवू नका. टॅनिन कापडात राहतं आणि डाग पुढे एकसारखे उतरत नाहीत.

एक बरं आहे. जुने तपकिरी तुकडे लोहामुळे कुजून गळतात, मूळ क्विल्टांत पहिली भोकं तिथेच पडलेली दिसतात. आजचं रिप्रॉडक्शन आधुनिक रंगांनी छापतात, त्यामुळे ती भीती नाही.

पावइंच:
हिशेब पाव इंच शिवण आणि धुतल्यानंतर ४० इंच वापरता येणारा पन्हा धरून.

ब्लॉक २८, म्हणजे १४ नाइन-पॅच आणि १४ साधे. नाइन-पॅचमध्ये ५ गडद, ४ फिकट, प्रत्येक चौकोन ४½ इंच कापायचा. गडद ७०, फिकट ५६.
फिकट: एका पट्टीत ८ चौकोन, ७ पट्ट्या, ३१½ इंच. १ गज पुरतो, १¼ घ्या.
साधे ब्लॉक १२½ इंच: पट्टीत ३, म्हणून ५ पट्ट्या, ६२½ इंच. पांढरा मांजरपाट २ गज.
गोट: घेर २६४ इंच, कोपऱ्यांसाठी १२ वाढवले तर २¼ इंच रुंदीच्या ७ पट्ट्या. अर्धा गज.
अस्तर: चारही बाजूंनी ४ इंच जास्त धरून ५६ × ९२. ५६ इंचाचे ३ तुकडे आडवे जोडा, १६८ इंच होतात. ५ गज घेतलं की आटण्याची भीती नाही.

गडद कापड फॅट क्वार्टरमध्ये, म्हणजे पाव गजाच्या आखूड-रुंद तुकड्यांत, घेणार असाल तर इथे चूक होते. १८ × २२ च्या तुकड्यातून कागदावर १६ चौकोन निघतात, कारण ४ × ४½ बरोबर १८. धुतल्यावर तो १७½ होतो आणि एक अख्खी ओळ जाते. १२ धरा. ७० चौकोनांना ६ फॅट क्वार्टर पुरतील, पण दिसायला ६ कमीच. १० ते १२ वेगवेगळे घ्या आणि प्रत्येकातून ६-७ चौकोन कापा.

मंजिष्ठा:
यात भर: दुकानातला आधीच जुळवलेला गठ्ठा घेतला तर सगळ्या नक्षी एकाच मापाच्या येतात आणि क्विल्ट सपाट दिसतो. एखादी मोठी नक्षी, एखादी रेघांची, एखादी जवळजवळ साधी असं मिसळा.

घट्टरंग:
लालबद्दल. नव्या सुती कापडावर बहुधा रिअॅक्टिव्ह रंग असतो. तो धाग्याशी जोडला जातो, पण न जोडलेला रंग नीट धुतला नाही तर कापडात अडकून राहतो आणि नंतर सुटतो. म्हणून रंग ‘पक्का’ करायचा प्रश्नच नाही, जादाचा बाहेर काढायचा आहे. व्हिनेगर आणि मिठाने हे होत नाही, कितीही ऐकलं असलं तरी.

चाचणी: प्रत्येक गडद कापडाचा २ इंची तुकडा वेगवेगळ्या काचेच्या ग्लासात, कडक गरम पाणी आणि भांड्यांच्या द्रव साबणाचे दोन थेंब, अर्धा तास. पाणी रंगलं तर ओला तुकडा पांढऱ्या कापडावर दाबून बघा. पांढऱ्यावर काही आलं नाही तर चालेल. आलं तर ते अख्खं कापड वेगळ्या बादलीत, सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात साबण घालून भिजवा आणि पाणी नितळ येईपर्यंत बदलत राहा. गार पाण्याने काम होत नाही. सुटलेला रंग तरंगत राहायला उष्णता आणि साबण दोन्ही लागतात.

शिवून झाल्यावरही रंग उतरलाच तर क्विल्ट वाळू देऊ नका, ड्रायरमध्ये तर नकोच. टबमध्ये भरपूर गरम पाणी आणि साबण, क्विल्ट पूर्ण बुडवा, वर तरंगणारा भाग दाबून खाली ठेवा, १२ तास. पाणी रंगीत असेल तर पुन्हा. सुती बॅटिंगला (क्विल्टच्या मधल्या भरावाला) हे चालतं, लोकरीच्या बॅटिंगला नाही. ओला क्विल्ट घडी घालून ठेवला तर घडीच्या रेषेवरच लाल उतरतो.

पावती:
चौथ्या प्रश्नाचं उत्तर: आकडा लिहिलेला नसेल तर अर्थ काहीच घेऊ नका. मोडा या कापड कंपनीची ‘कलेक्शन्स फॉर अ कॉज’ मालिका जुन्या क्विल्टांवरूनच केली होती आणि अशा बऱ्याच मालिका येतात-जातात. पण मालिका बाजारात संपली तरी दुकानात कापड उरतंच, आणि उरलेल्या विक्रीतून कुणाला काही जातं का हे काठावर छापलेलं नसतं. बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स ही अमेरिकेत देणगी घेणाऱ्या संस्था तपासते; तिचा १९ वा निकष इथे उपयोगी. त्यानुसार हे जाहीर करायचं असतं: किमतीतला नेमका किंवा अपेक्षित वाटा, मोहिमेचा काळ, आणि कमाल किंवा हमीची किमान रक्कम ठरली असेल तर ती. विक्रेत्याला हेच विचारा. संस्थेचं नाव आयआरएसच्या (अमेरिकी करखात्याच्या) संकेतस्थळावर करमुक्त संस्थांमध्ये शोधून तपासा.

नेहमीच्या किमतीला कापड घेतलं तर ती तुमची देणगी नव्हे, खरेदी आहे. लिलावातही तेच. क्विल्टची वाजवी किंमत ४०० डॉलर जाहीर केली आणि बोली ६०० ला गेली तर घेणाऱ्याची करातली वजावट २०० ची. रक्कम ७५ डॉलरच्या वर असेल तर वाजवी किंमत संस्थेने लेखी कळवावी लागते. शिवणाऱ्याला फक्त सामानाचा खर्च धरता येतो, मेहनतीचा नाही. लिलावाऐवजी रॅफल (तिकिटं विकून सोडत) करायचा विचार आला तर आधी राज्याचे नियम बघा. काही राज्यांत त्याला परवाना लागतो, आणि तिकिटाची वजावट मिळत नाही.

निळीदोरी:
खूपच उपयोगी. सह्यांसाठी शाई की भरतकाम? पैसे नावागणिक घ्यायचे आहेत.

मंजिष्ठा:
नावामागे पैसे घेणं जुनंच आहे. ‘मॉडर्न प्रिसिला’ मासिकाने डिसेंबर १९१७ मध्ये रेड क्रॉससाठी अशाच क्विल्टमधून १००० डॉलर उभे करण्याची कृती छापली होती. तिथे नावं लाल धाग्यात भरायची. तुमचा काळ १८६० चा, तेव्हा शाई शोभेल.

मात्र जुन्या लोहाच्या शाईने कापड खाल्लं आहे, अक्षरांच्या जागी भोकं उरली आहेत. पिगमेंट शाईचं बारीक पेन घ्या, पिग्मा मायक्रॉन ०५ पुरतं. मांजरपाट आधी धुऊन इस्त्री करा आणि फ्रीझर पेपरची (एका बाजूला प्लास्टिकचा थर असलेल्या कागदाची) चकचकीत बाजू मागे इस्त्रीने चिकटवा, म्हणजे लिहिताना कापड सरकत नाही. सही कडेपासून किमान १ इंच आत. लिहून झाल्यावर एक दिवस तसंच ठेवा, मग कोरडी इस्त्री फिरवा. वर सांगितलेला गरम पाण्याचा प्रयोग एका लिहिलेल्या तुकड्यावर आधी करा, सगळ्यांच्या सह्या घेण्यापूर्वी.

पावइंच:
आणि सह्या ब्लॉक जोडण्याआधी घ्या. साधे ब्लॉक १४ लागतात, १८ कापून ठेवा. कुणीतरी नाव चुकवतंच. २ गजांत ५ पट्ट्या, म्हणजे १५ ब्लॉकच बसतात, म्हणून मांजरपाट २¼ गज आणा.