केक ओला आला की पॉलिमर वाढवायचं?

बेल्टवाला
सांडपाण्याचा गाळ बेल्ट प्रेसमध्ये, म्हणजे जाळीच्या पट्ट्यांत, दाबून पाणी काढलं की उरतो तो केक. तो ओला दिसला की हात आधी पॉलिमरच्या, म्हणजे गाळाचे कण एकत्र बांधणाऱ्या रसायनाच्या, डोसिंग पंपाकडे जातो. माझं म्हणणं, आधी गाळातले घन पदार्थ मोजा. तासाला २० घनमीटर गाळ, घन २ टक्के, म्हणजे ४०० किलो कोरडा गाळ. कोरड्या गाळाच्या टनाला ५ किलो धरलं तर पॉलिमर तासाला २ किलो, म्हणजे ०.२ टक्क्याचं द्रावण १००० लिटर. आता गाळ पातळ होऊन १.२ टक्क्यांवर आला, तर पंपाला हात न लावता डोस टनाला ८.३ किलोवर गेला! जादा पॉलिमर बेल्टच्या जाळीत बसतं, पाणी गळत नाही, केक सुटता सुटत नाही. आणि यावर उपाय काय, तर अजून वाढवा.

डिकँटर
बेल्ट प्रेसपुरतं कबूल. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गाळ गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या यंत्रात, फ्लॉक (पॉलिमरने बांधलेला कणांचा पुंजका) आपटून तुटतो, तिथे डोस जास्तच लागतो. शिवाय खर्च वाहतुकीत बघा. केक १८ वरून २० टक्के झाला तर टनभर कोरड्या गाळामागे ओला केक ५.५६ टनांवरून ५ टनांवर येतो. साडेपाचशे किलो पाणी वाहायचं वाचतं, आणि तुम्ही किलोभर पॉलिमरसाठी अडून बसलात.

बेल्टवाला
ते दोन टक्के मिळाले तर ना! एका हद्दीनंतर डोस वाढतो, कोरडेपणा नाही. सेंट्रेट, म्हणजे सेंट्रिफ्यूजमधून निघालेलं पाणी, चिकट होतं, फेसाळतं.

पोतं
पॉलिमर नीट विरघळलंय असं दोघांनीही धरून चाललंय. पावडर एकदम ओतली की वरून जेली, आत कोरडी पावडर असे गोळे होतात. डोसच्या हिशोबात ते येतात, कामाला येत नाहीत. भोवऱ्यात भुरभुरत सोडा, मग अ‍ॅजिटेटर (ढवळणी) हळू ठेवून ४५ ते ६० मिनिटं मुरू द्या. द्रावणाला सेंट्रिफ्यूगल पंप नको, पॉलिमरच्या लांब साखळ्या तुटतात. स्क्रू पंप लावा. पाण्यातलं जादा क्लोरीनही साखळ्या तोडतं.

डिकँटर
बरोबर. पण डोस शेवटी जार टेस्टच, म्हणजे बीकरमधली छोटी चाचणीच, ठरवणार. २ टक्क्यांच्या ५०० मिली गाळात तेच ०.२ टक्क्याचं द्रावण २५ मिली म्हणजे टनाला ५ किलो. १५ ते ३५ मिलीपर्यंत पाच बीकर लावा, प्रत्येक दहा वेळा या भांड्यातून त्या भांड्यात ओता. एवढं होऊनही फ्लॉक टिकला तर तो डोस सेंट्रिफ्यूजवर लावून बघण्यासारखा.

बेल्टवाला
फक्त नमुना टाकीच्या वरून उचलू नका, तिथे पातळच मिळतो. फीड पंपाच्या पुढच्या नळाला घ्या, तोही मिनिटभर वाहू देऊन.