मदत हवी आहे: एलएपीएलचे (हलकी विमानं उडवायचं युरोपातलं लायसन्स) १२ तास भरत नाहीयेत, चाचणी द्यावी का?

नमस्कार मंडळी,

युरोपात हौसेने विमान उडवणारं कुणी इथे असेल तर कृपया सल्ला द्या.

मी मूळचा साताऱ्याचा, वय ४३. स्टुटगार्टच्या दक्षिणेला एका छोट्या क्लबात उडतो. जूनमध्ये आई-बाबा येताहेत. बाबा वर्षानुवर्षं रोज सकाळी अजिंक्यतारा चढायचे, आता गुडघे साथ देत नाहीत. त्यांना होहेनत्सोलर्नचा किल्ला वरून दाखवायचा, हे केव्हापासून मनात आहे. क्लबाचं रोबिन डीआर ४०० चार आसनी आहे, त्यामुळे आईही सोबत येऊ शकते.

अडचण अशी. क्लबातले बहुतेक जण पीपीएलवाले, म्हणजे खाजगी वैमानिकाचं लायसन्स असलेले. त्यांच्या रेटिंगवर (त्या प्रकारचं विमान उडवायची परवानगी) दोन वर्षांची तारीख असते. मुदतीच्या शेवटच्या १२ महिन्यांत १२ तास (त्यातले ६ स्वतः पायलट-इन-कमांड म्हणून), १२ टेक-ऑफ, १२ लँडिंग आणि इन्स्ट्रक्टरसोबत १ तास दाखवला की तारीख पुढे सरकते. त्यांचं ऐकून मीही तसंच धरून चाललो होतो. पण माझं लायसन्स एलएपीएल, त्यावर अशी तारीखच नाही. ज्या दिवशी उडायचं त्या दिवसापासून दोन वर्षं मागे मोजायचं, आणि तेवढ्यात १२ तास, १२ टेक-ऑफ-लँडिंग आणि इन्स्ट्रक्टरसोबतचा १ तास बसला पाहिजे. नाही बसला तर एक्झामिनरपुढे प्रावीण्य चाचणी.

मुलगी झाल्यापासून उडणं फार कमी झालंय. परवा ती झोपल्यावर लॉगबुक काढून पेन्सिलीने बेरीज केली. आजपर्यंत १० तास २० मिनिटं. म्हणजे आजच मी एकटा उडू शकत नाही. मग २० जूनपासून मागे मोजलं, तर दोन वर्षांपूर्वीच्या मे-जूनमधली २ तास ५० मिनिटं गळतात, उरतात ७ तास ३०. इन्स्ट्रक्टरसोबतचा तासही त्याच मे महिन्यातला, तोही जातो. ती ओळ मी तीनदा वाचली. लँडिंग मात्र पुरेशी आहेत.

इन्स्ट्रक्टरसोबत किंवा त्याच्या देखरेखीखाली एकट्याने उडलेले तास धरले जातात, तेव्हा साडेचार तास तसे भरून काढता येतील. पण सप्टेंबरमध्ये पुन्हा काही तास गळणार आणि मी परत तिथेच. चाचणी पास झालो तर पुढची दोन वर्षं त्या जोरावर उडता येईल. प्रवासी न्यायचे तर ९० दिवसांत ३ टेक-ऑफ आणि ३ लँडिंग लागतात, ती दोन्ही वाटांनी होऊन जातील. मेडिकल पुढच्या वर्षापर्यंत आहे.

मला स्वतःला आधी इन्स्ट्रक्टरसोबत दोन-तीन तास आणि मग चाचणी, असं योग्य वाटतंय. आडव्या वाऱ्यातली लँडिंग माझी कच्ची झालीयेत, गेल्या वेळी फ्लेअर (टेकण्याआधी नाक किंचित वर उचलणं) उशिरा दिला आणि चाकं जोरात टेकली. आई मागे बसलेली असताना तसं व्हायला नको.

एवढ्या खंडानंतर कुणी ही चाचणी दिली आहे का? एक्झामिनर कशावर भर देतात? आधी किती तास केलेत? आणि घरात लहान मूल असताना वर्षाचे सहा तास तुम्ही कसे जमवता, तेही सांगा. हिवाळ्यात आमची गवताची धावपट्टी चिखलामुळे बऱ्याचदा बंद असते.