सुट्टीने सगळा थकवा उतरत नाही

समुपदेशक थकला की त्याला आठवडाभर सुट्टी द्यावी, हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. कामाच्या ओझ्याचा थकवा सुट्टीने उतरतो. पण क्लायंटने सांगितलेला प्रसंग रात्री आपल्याच डोळ्यांपुढे यायला लागला तर नाही. म्हणूनच प्रोक्यूओएल या, इतरांना मदत करणाऱ्यांवर कामाचा काय परिणाम होतो ते पाहणाऱ्या प्रश्नावलीत (३० प्रश्न, मागच्या ३० दिवसांबद्दल) बर्नआउट (कामाने आलेला थकवा) आणि दुय्यम आघात (दुसऱ्याचा आघात ऐकून आपल्याला बसणारा) यांचे गुण वेगळे काढतात. ते एकत्र मिळवू नका. आणि ते निदान नव्हे, सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी समुपदेशकाशी आपल्या कामाबद्दल होणाऱ्या नियमित चर्चेत, बोलायला एक धागा.

ब्रिटनमधली समुपदेशकांची संघटना बीएसीपी आपल्या ॲक्रेडिटेड (मान्यताप्राप्त) सदस्यांना महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यायला लावते. नुसते तास भरून भागत नाही म्हणा. सुपरव्हायझरच साहेब असेल, पगारवाढ त्याच्याच हातात असेल, तर ‘या क्लायंटची वेळ मी मुद्दाम दोनदा पुढे ढकलली’ हे कोण कबूल करणार? सुपरव्हायझर शक्यतो बाहेरचा घ्या. पहिली दहा-पंधरा मिनिटं केसच्या नोंदी बंदच ठेवा, आधी स्वतःबद्दल बोला.