प्रकल्पासाठी सल्ला हवा: अवरक्त चित्रांतले आउटफ्लो

धूळधाण:
बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, भौतिकशास्त्र. जन्मत्या ताऱ्यांमधून सुटणारे वायूचे झोत, म्हणजे आउटफ्लो, हा विषय घेतलाय. कॉलेजची 8 इंची दुर्बीण आहे, माझा जुना लॅपटॉप आहे आणि हातात अडीच महिने. सर म्हणतात मृगातला तेजोमेघ घे. घेऊ का? डेटा कुठून काढू?

खगोलकाका:
दुर्बीण खुशाल कपाटात ठेव. तेजोमेघ तिच्यातून झकास दिसेल, पण तुला हवाय तो झोताच्या धडकेनं हजार-दोन हजार केल्विनपर्यंत तापलेला रेणुरूप हायड्रोजन. तो 2.12 मायक्रॉनला चमकतो आणि साध्या कॅमेऱ्याचं सिलिकॉन 1.1 च्या पुढे आंधळं. मृगही नको, तिथे तेजोमेघाचाच झगमगाट फार. हंस तारकासमूहातलं डीआर21 बघ, तारे जन्मतात असा भाग. सुमारे 5000 प्रकाशवर्षं दूर, दाट धुळीत बुडालेलं, पण झोत दणदणीत. हवाईच्या 3.8 मीटरच्या यूकेआयआरटी दुर्बिणीनं यूविश2 सर्वेक्षणात नेमक्या 2.12 च्या अरुंद फिल्टरमधून हा भाग टिपलाय. के पट्ट्यातली, म्हणजे 2.2 मायक्रॉनच्या आसपासच्या रुंद फिल्टरमधली चित्रं त्याच दुर्बिणीच्या यूकेआयडीएसएस सर्वेक्षणाची घे. सगळं फुकट.

लडाखी:
त्यापेक्षा लडाखमधल्या हान्लेच्या वेधशाळेत वेळ मागा ना! 2 मीटरची दुर्बीण आहे, टीआयएफआरनं बनवलेलं टिरस्पेक हे अवरक्त उपकरण आहे.

खगोलकाका:
अडीच महिन्यांत? अर्ज लिहिण्यातच जातील. एमएस्सीला बघू.

धूळधाण:
डीआर21 अलादिन या आकाशचित्रं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. स्पिट्झर या अवरक्त अवकाश दुर्बिणीच्या रंगीत चित्रात हिरवे पट्टे दिसतायत. तेवढे मोजले की झालं ना काका?

शून्य_केल्विन:
थांब थांब, याच हिरव्यानं मला एमएस्सीला तोंडावर पाडलं होतं. ते हिरवं कुणीतरी 4.5 मायक्रॉनच्या पट्ट्याला दिलेला रंग आहे. त्या पट्ट्यात हायड्रोजनच्या रेषा येतात हे खरं, पण ताऱ्याचा धुळीवरून परतलेला उजेडही येतो. मी असा एक परावर्तन तेजोमेघ आउटफ्लो म्हणून मिरवला आणि तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला गप्प झालो.

उपाय वजाबाकी. अरुंद फिल्टरच्या चित्रातून के चित्र वजा कर, पण आधी दोन्हींतल्या ताऱ्यांची तेजस्विता आणि पसरटपणा जुळवून घे, नाहीतर प्रत्येक ताऱ्याभोवती कडं उरतं. परावर्तित उजेड दोन्हीकडे सारखा, म्हणून तो जवळपास पुसला जातो. हायड्रोजनची रेषा उरते. एखादा ताराच हट्टानं उरला तर लगेच कोडला शिव्या घालू नकोस. दोन्ही चित्रं वेगवेगळ्या रात्रींची असतात आणि कोवळ्या ताऱ्यांचा उजेड कमीजास्त होत राहतो.

आणि 8 मायक्रॉनच्या चित्राला झोतासाठी हात लावू नकोस. तिथे कार्बनी रेणूंची चमक सगळं झाकते.

लडाखी:
जेम्स वेबची चित्रं का नाही?

शून्य_केल्विन:
वेबनं टिपलेलं एचएच 211 या झोताचं 2023 चं चित्र भिंतीवर लाव, मीही लावलंय. पण पहिली वजाबाकी शिकायला जमिनीवरच्या दुर्बिणीचा डेटा सोपा जातो.

धूळधाण:
आठ दिवसांनी हजेरी. पहिल्या दोन वजाबाक्यांत नुसती कडी उरली. तिसऱ्यांदा पसरटपणा जुळवला तर डीआर21 च्या पूर्वेला आणि पश्चिमेला, दोन्हीकडे फाटक्या जाळीसारखं काहीतरी शिल्लक राहिलंय! सर अजून मृगावरच अडून आहेत. उद्या प्रिंट घेऊन जाते.