चालता संगणक जुना झाला, हे ठरवायचे कोणी?

अनुदिन :

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठीचे नेहमीचे अपडेट बंद केले. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असलेल्या बहुतेक संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढवता येत नाही. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षाचिप असण्याची अट आहेच. परिणामी २०१७ साली नवा म्हणून घेतलेला लॅपटॉप, ज्याचा कीबोर्ड, पडदा आणि डिस्क आजही ठणठणीत आहेत, तो कंपनीच्या लेखी निकालात निघाला आहे.

पाठिंबा कधी तरी थांबणार, याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या सुरक्षा-दुरुस्त्या तयार होतच आहेत, त्या काहींना द्यायच्या आणि काहींना नाकारायच्या, या व्यवहाराला माझा आक्षेप आहे. विंडोज १० ची आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ ही आवृत्ती एकाच ठरावीक कामाला जुंपलेल्या यंत्रांसाठी असते, आणि तिला जानेवारी २०३२ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. कंपन्या व संस्थांना पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट रक्कम भरून ऑक्टोबर २०२८ पर्यंत मुदत वाढवता येते. घरगुती ग्राहकासाठी मात्र १३ ऑक्टोबर २०२६ ही मुदत जाहीर झाली, आणि तीही ३० डॉलर भरून किंवा आपल्या सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर ठेवायला मान्यता देऊन. (कंपनीचे रिवॉर्ड पॉइंट वापरण्याचा तिसरा मार्गही आहे, पण ते साठवून ठेवलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.) युरोपातील ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या ग्राहकांसाठी क्लाउडची अट काढून टाकण्यात आली आणि वर्षभराच्या दुरुस्त्या विनामूल्य झाल्या. त्यांचे प्रोसेसर आपल्यापेक्षा वेगळे नाहीत, त्यांचे कायदे वेगळे आहेत.

माझे म्हणणे असे की, एखाद्या प्रणालीसाठी कोणत्याही ग्राहकाकरिता सुरक्षा-दुरुस्ती तयार होत असेल, तर ती त्या प्रणालीच्या प्रत्येक वैध परवानाधारकाला मिळाली पाहिजे; आणि संगणक विकतानाच दुरुस्त्या किमान कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, हे खोक्यावर छापलेले असले पाहिजे.

शंकेखोर :

अनुदिन, मांडणी नेटकी आहे, पण तिच्यात काही गोष्टी सोयीने वगळल्या आहेत. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आले आणि त्याला दहा वर्षांहून अधिक काळ दुरुस्त्या मिळाल्या. या क्षेत्रात एवढा काळ फारसे कोणी देत नाही. अ‍ॅपलने जून २०२५ मध्ये जाहीर केले की, इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर चालणारी मॅकओएस टाहो ही शेवटची आवृत्ती असेल. त्यातले काही मॅक २०२० साली विकले गेले होते. तेव्हा मात्र कोणी निकालात निघाल्याची भाषा केलेली माझ्या वाचनात आली नाही.

दुसरे म्हणजे, दुरुस्ती तयार आहे याचा अर्थ ती फुकट तयार आहे असा होत नाही. कोड लिहिण्यापेक्षा तो हजारो प्रकारच्या मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि प्रिंटर-ड्रायव्हरांवर तपासणे खर्चाचे असते. एकाच कामाला जुंपलेल्या यंत्राचे तसे नसते. त्याची जडणघडण आधीच ठरलेली असते आणि त्यावर कोणी उठून नवा खेळ टाकत नाही. म्हणून ती आवृत्ती २०३२ पर्यंत ओढता येते, तर घरगुती आवृत्तीचा भार वेगळा असतो.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांपर्यंत धुमाकूळ घातला, तेव्हा ज्या त्रुटीचा फायदा घेतला गेला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. बाधित संगणकांत बहुसंख्य विंडोज ७ चे होते, म्हणजे दुरुस्ती मिळत असलेले. जुन्या यंत्रांवर रेंगाळणारे ग्राहक दुरुस्त्या मिळाल्या तरी बसवत नाहीत, आणि त्यांचा त्रास शेजारच्याला होतो. संगणक सुरू होण्यापासूनच पडताळणी करणारी नवी रचना सक्तीची करणे हा त्यावरचा उपाय आहे, ग्राहकाचा छळ नव्हे.

अनुदिन :

तपासणीच्या खर्चाचा मुद्दा मी मान्य केला असता, पण विंडोज १० च्या २१एच२ आणि २२एच२ या आवृत्त्यांचा गाभा एकच आहे आणि दोन्हींना दरमहा एकच अपडेट लागू होत आले. एलटीएससी २०२१ ही २१एच२ वरच उभी आहे, आणि घरगुती संगणकांवरची शेवटची आवृत्ती २२एच२ आहे. शिवाय २०२८ पर्यंत पैसे भरणाऱ्या कार्यालयांतले प्रिंटर आणि ग्राफिक्स कार्ड घरगुती संगणकांपेक्षा वेगळ्या ग्रहावरून आलेले नसतात. ती तपासणी होणारच आहे.

वॉनाक्रायचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. विंडोज एक्सपीचा पाठिंबा एप्रिल २०१४ मध्ये संपला होता. तरीही हल्ला पसरल्यावर कंपनीने एक्सपीसाठीही दुरुस्ती सर्वांना खुली केली. म्हणजे प्रसंग ओढवला की देता येते. हल्ला होण्याआधी का देऊ नये, एवढाच प्रश्न आहे.

खिळेजोड :

मी छापखान्याशी संबंधित आहे, त्यामुळे ही चर्चा मला फार वरच्या मजल्यावर चाललेली वाटते. आमच्या व्यवसायातील जुने काम पेजमेकर या अडोबी कंपनीच्या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ साली आली आणि त्यानंतर कंपनीने इनडिझाइन या आपल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे मोर्चा वळवला. त्या फायलींमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या सामाईक अक्षर-संकेतांत, नाही. फाँटमध्ये देवनागरी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. नेमका तोच फाँट आणि तोच कळफलक-चालक असला तरच मजकूर वाचता येतो, एरवी पानावर नुसती इंग्रजी अक्षरांची रास पडते. दिवाळी अंक, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, स्थानिक इतिहासाच्या पुस्तिका असे कितीतरी मराठी साहित्य अशा फायलींत अडकलेले आहे.

त्यामुळे विंडोज ११ घ्या म्हणणारे आणि लिनक्स ही मोफत मिळणारी दुसरी प्रणाली घ्या म्हणणारे, दोघेही आम्हाला सारखेच निरुपयोगी आहेत. ज्या यंत्रावर जुनी फाइल उघडते ते यंत्र आम्ही जपतो, त्याचे इंटरनेट काढून टाकतो आणि मजकूर पेनड्राइव्हवरून नेतो. पेनड्राइव्हमधून व्हायरस येतो हे आम्हाला ठाऊक आहे. पण मला असे विचारायचे आहे की, आम्ही कैदेत आहोत ते मायक्रोसॉफ्टच्या की स्वतःच्याच फायलींच्या?

अनुदिन :

खिळेजोड, जुन्या फायलींबाबत तुमचे म्हणणे खरे आहे आणि लिनक्स हा त्यावरचा उपाय नाही. नव्या कामाबाबत मात्र परिस्थिती पालटली आहे. पानजुळणीसाठीच्या स्क्रायबस या मोफत सॉफ्टवेअरची १.६ ही स्थिर आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरी जोडाक्षरे नीट उमटतात. भारतीय लिपींसाठीचा इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये मुळातच असतो. नवे काम युनिकोडमध्ये सुरू केले, तर पुढल्या दहा वर्षांनी हीच अडचण पुन्हा उभी राहणार नाही.

हिशेबनीस :

लिनक्सचा आग्रह धरणाऱ्यांनी करसल्लागाराच्या कार्यालयात एक दिवस बसावे. टॅलीप्राइम हे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेले आहे, आणि आमच्या ग्राहकांच्या हिशेबाच्या फायली त्यातूनच येतात. मी कोणती प्रणाली वापरावी हे माझ्या आवडीवर नव्हे, तर समोरचा काय पाठवतो यावर ठरते.

पण अनुदिन यांच्या मागणीलाही माझा पाठिंबा नाही. ज्याच्याकडे दुसऱ्यांचे पॅन, बँक खाते आणि पगाराचे तपशील आहेत, त्याने दुरुस्त्यांवाचून एकही दिवस काढू नये. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न योजणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एवढी रक्कम छोट्या कार्यालयाला लागेल असे नाही, परंतु जबाबदारी कोणाची हे त्या कायद्याने सांगितले आहे. कंपनीने मोफत दिले नाही म्हणून थांबलो, ही सबब तिथे चालायची नाही. व्यवसायाचा संगणक हा खर्चाचा भाग आहे, त्यावर घसारा मिळतो, तो बदलावा. घरगुती ग्राहक आणि शाळा यांचा प्रश्न निराळा आहे, एवढे मी मानते.

पैलतीर :

मी जर्मनीत राहतो, म्हणून इकडचे दोन दाखले देतो. म्युनिक महापालिकेने सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर नेण्याचा प्रकल्प मोठ्या कौतुकाने राबवला आणि २०१७ मध्ये तिथल्या नगरसभेने पुन्हा विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. लिनक्सविरोधक तेवढेच सांगून थांबतात. उत्तरेकडील श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने मात्र २०२४ मध्ये सुमारे तीस हजार सरकारी संगणकांवरून मायक्रोसॉफ्टची प्रणाली व ऑफिस दोन्ही काढण्याचा निर्णय जाहीर केला, आणि त्यामागे पैशापेक्षा आपल्या माहितीवर आपला ताबा असावा हा विचार पुढे केला. एकाच देशातील हे दोन निर्णय पाहता, प्रणाली चांगली की वाईट यापेक्षा राजकीय चिकाटी किती आहे यावर निकाल लागतो, असे माझे मत झाले आहे.

तारखेच्या मागणीबाबत सांगायचे तर, युरोपीय संघात २० जून २०२५ पासून स्मार्टफोन आणि टॅब्लेटसाठी नियम लागू झाला आहे की, त्या मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षे प्रणालीचे अपडेट उपलब्ध असले पाहिजेत. लॅपटॉप त्यात नाहीत, ही उणीव आहे.

शंकेखोर :

पैलतीर यांचा दाखला मला मान्य आहे, आणि भारतातील केरळचा त्याला जोडतो. तिथल्या सरकारी शाळांत कित्येक वर्षे लिनक्स चालते, कारण ‘काइट’ ही राज्याची संस्था शाळांसाठी स्वतःची आवृत्ती तयार करते आणि शिक्षकांना प्रशिक्षण देते. मागे यंत्रणा उभी आहे म्हणून ते टिकले. एकट्यादुकट्या ग्राहकाला लिनक्सची सीडी हातात देऊन वाऱ्यावर सोडणे ही वेगळी गोष्ट आहे.

खोक्यावरच्या तारखेला माझा विरोध नाही, परंतु त्यासाठी कायदा लागतोच असे नव्हे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांच्या अपडेटचे वचन दिले. कायद्याने नव्हे, स्पर्धेने ते घडले. दुरुस्त्या सर्वांना फुकट वाटण्याचा कायदा केलात, तर कंपन्या त्या मोठ्या ग्राहकांसाठीही लांबवणार नाहीत, आणि मग बँका व रुग्णालये अडचणीत येतील.

अनुदिन :

स्पर्धेने घडले ते महागड्या फोनांत घडले. दहा हजारांच्या फोनला सात वर्षांचे वचन कोण देते? आणि संगणकाच्या प्रणालीत स्पर्धा आहे कुठे, हे हिशेबनीस यांनीच वर सांगितले आहे. समोरचा जे पाठवतो तेच वापरावे लागते. मी ‘फुकट’ म्हटलेले नाही. वाजवी शुल्क घ्या, पण ते सर्वांना सारख्या मुदतीपर्यंत उपलब्ध असू द्या आणि त्यासाठी कोणाला आपल्या सेटिंग्ज क्लाउडवर ठेवायला भाग पाडू नका. मोठा ग्राहक २०२८ पर्यंत पैसे मोजणारच आहे. घरगुती ग्राहकानेही मोजले म्हणून तो पळून जाणार नाही.

हिशेबनीस :

शुल्क घेऊन असेल तर माझा विरोध मावळतो. मात्र पावती मिळाली पाहिजे आणि ती व्यवसायाच्या खर्चात दाखवता आली पाहिजे. सध्याची ३० डॉलरची योजना घरगुती वापरासाठी आहे. एका टेबलाचे कार्यालय चालवणाऱ्याला ती लागू धरावी की नाही, यावर आमच्यातच एकमत नाही.

खिळेजोड :

तारीख खोक्यावर छापा म्हणता, पण आमच्याकडे खोके येतेच कुठे? लहान छापखाने, शिकवण्या, झेरॉक्सची दुकाने यांतले बरेच संगणक कंपन्यांनी काढून टाकलेले, सेकंडहँड बाजारातून आलेले असतात. दुकानदार रॅम आणि डिस्क किती हे सांगतो. अपडेट कधी बंद होणार हे त्यालाही ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी तो बोलणार नाही. सध्या त्या बाजारात इंटेलच्या सातव्या पिढीचे, म्हणजे बहुधा विंडोज ११ न चढणारे, लॅपटॉप स्वस्त झाल्याचे मी पाहतो आहे, आणि घेणारे खुशीत आहेत.

अनुदिन :

मग ती तारीख संगणकातच दिसली पाहिजे. सेटिंग्जमध्ये जिथे प्रोसेसर आणि रॅमची माहिती असते, तिथेच एक ओळ वाढवायची. म्हणजे विकत घेणाऱ्याला दुकानातच यंत्र चालू करून ती वाचता येईल आणि भाव त्यावरून ठरवता येईल.